परत जायचं की नाही: मार्शल बेटांवरच्या अमेरिकी किरणोत्सर्ग तपासणी सेवेचं परीक्षण

मोजणीला पाचपैकी साडेचार तारे. मोजणीनंतर जे करायला हवं, त्याला एक. या दोन्हींची सरासरी मी मुद्दाम काढलेली नाही. या सेवेत गेली कित्येक दशकं उत्तम मोजणीच्या आड न निभावलेली जबाबदारी झाकली गेली आहे, आणि सरासरी काढली की तेच पुन्हा होतं.

आधी सेवा काय आहे ते सांगते. अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर ६७ अणुस्फोट केले. जवळजवळ सगळे बिकिनी आणि एनेवेटाक या दोन कंकणद्वीपांवर. कंकणद्वीप म्हणजे गोलाकार प्रवाळी कड्यावरची छोटी छोटी बेटं आणि मध्ये शांत पाणी. स्फोटांआधी या दोन ठिकाणच्या लोकांना हलवलं. पुढे रोंगेलाप आणि उतिरिक इथल्या लोकांवर स्फोटाची राख पडली, म्हणून त्यांनाही हलवलं. त्या दिवसापासून एक प्रश्न उभा आहे: आमचं बेट राहण्याजोगं झालं का? त्याचं उत्तर देण्याचं काम अमेरिकी सरकारने स्वतःकडे घेतलं. आधी अणुऊर्जा आयोगाकडे, मग ऊर्जा खात्याकडे. प्रत्यक्ष मोजणी सुरुवातीला ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळा करायची, आता कॅलिफोर्नियातली लॉरेन्स लिव्हरमोर करते. परीक्षण या सेवेचं आहे.

मी हे का लिहावं? मी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होते. थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिलं की त्यांना वेगळ्या खोलीत ठेवतात. रुग्ण घरी गेला की मी मीटर घेऊन खोली तपासायची. भिंती, बेसिन, गादी, संडास, सगळं. बाहेर सफाईच्या मावशी बादली घेऊन उभ्या असायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, जाऊ ना आत?" त्यांना मायक्रोसीव्हर्टचा, म्हणजे किरणोत्सर्गाच्या डोसच्या एककातला आकडा नको असायचा. त्यांना हो किंवा नाही हवं असायचं, आणि हो म्हटलं की वहीत सही माझी असायची. मार्शल बेटांची कागदपत्रं मी वाचायला घेतली ती माझ्या भाच्यामुळे. तो मर्चंट नेव्हीत आहे. जगातली कितीतरी जहाजं मार्शल बेटांच्या झेंड्याखाली नोंदलेली असतात, आणि त्याच्या जहाजाच्या मागच्या बाजूलाही 'माजुरो' असं बंदराचं नाव रंगवलेलं. "मावशी, हे गाव आहे तरी कुठे?" म्हणून त्याने फोटो पाठवला. माजुरो ही मार्शल बेटांची राजधानी. त्यानंतर मी वाचतच गेले. सगळे अहवाल खुले आहेत, संकेतस्थळांवर फुकट मिळतात, आणि ही या सेवेची मोठी चांगली बाजू आहे. पूर्वी मात्र तसं नव्हतं. पन्नासच्या दशकातली बरीच कागदं १९९० नंतर खुली झाली. अमेरिकेशी भरपाईचा करार करताना बेटांच्या प्रतिनिधींच्या हातात ती नव्हती.

सुरुवात फेब्रुवारी १९४६ मधली. लष्करी गव्हर्नर बेन वायट रविवारची प्रार्थना आटोपल्यावर बिकिनीच्या लोकांसमोर उभे राहिले आणि मानवजातीच्या भल्यासाठी व सगळी युद्धं संपवण्यासाठी तात्पुरतं बेट सोडाल का, असं त्यांनी विचारलं. बिकिनीचे प्रमुख जुडा यांनी सगळं देवाच्या हाती आहे असं मानून आम्ही जातो, असं सांगितलं. १६७ माणसं रोंगेरिकला नेली. तिथे खायला पुरेसं मिळेना, दोन वर्षांत उपासमार झाली. मग काही महिने क्वाजालेन, आणि १९४८ च्या अखेरीस किली. किलीला मधलं शांत पाणीच नाही. एकच बेट, चौफेर खवळलेला समुद्र. ज्यांचं सगळं जगणं आतल्या पाण्यातल्या मासेमारीवर होतं, त्यांना अशा जागी ठेवलं जिथे महिनोन् महिने होडी पाण्यात घालता येत नाही. 'तात्पुरतं' म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे आणि इतरत्र आहेत.

या सेवेने दिलेलं पहिलं मोठं उत्तर रोंगेलापला होतं. १ मार्च १९५४ च्या पहाटे बिकिनीवर 'ब्राव्हो' हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. अपेक्षा सुमारे ६ मेगाटनची होती, निघाला १५ मेगाटनचा. रोंगेलापवर पांढरी भुकटी पडली. मुलं तिच्यात खेळली. जवळच्या रोंगेरिकवर हवामान खात्याचे २८ अमेरिकी होते, त्यांना दुसऱ्या दिवशी हलवलं. रोंगेलापच्या लोकांना तिसऱ्या दिवशी, उतिरिकच्या लोकांना चौथ्या. ऐलुकवर चारशे माणसं होती, त्यांना हलवलंच नाही. रोंगेलापच्या लोकांना मिळालेला डोस तेव्हा सुमारे १७५ रॅड, म्हणजे साधारण १,७५० मिलिसीव्हर्ट, धरला गेला. आमच्याकडे रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा असते. हा डोस तिच्या ऐंशीपटीहून जास्त होतो, आणि तोही दोन-तीन दिवसांत. उलट्या, भाजल्याचे चट्टे, केस गळणं हे सगळं झालं. काही दिवसांतच या लोकांवर 'प्रकल्प ४.१' नावाचा अभ्यास सुरू झाला.

तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, अणुऊर्जा आयोगाने रोंगेलापच्या लोकांना सांगितलं की आता परत जायला हरकत नाही. नवी घरं बांधून दिली. लोक गेले. त्या वेळच्या ब्रुकहेव्हनच्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे की या लोकांच्या तिथे राहण्यातून माणसांवरच्या किरणोत्सर्गाची अत्यंत मोलाची माहिती मिळेल. त्याच्या आदल्या वर्षी आयोगाच्या एका बैठकीत मेरिल आयझेनबड या वरिष्ठ अधिकाऱ्याने उतिरिकच्या लोकांबद्दल काय म्हटलं, त्याचं इतिवृत्त उपलब्ध आहे. हे लोक पाश्चात्यांसारखे, सुसंस्कृत माणसांसारखे जगत नसले तरी उंदरांपेक्षा ते आपल्याला अधिक जवळचे आहेत, असा त्याचा आशय. मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद केला आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

परतल्यावर लोकांच्या शरीरातलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम, म्हणजे स्फोटातून उरलेली किरणोत्सारी द्रव्यं, वाढत गेलं, आणि ते वाढतंय हे प्रयोगशाळेला दर वर्षी दिसत होतं, कारण मोजणी चालूच होती. नारळी खेकडे खाऊ नका, उत्तरेकडच्या बेटांवर जाऊ नका, अशा सूचना येत राहिल्या. १९६० च्या दशकात मुलांच्या गळ्यात थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखाली असलेल्या रोंगेलापच्या बहुतेक मुलांना पुढे थायरॉइडचा विकार झाला. तिथले मॅजिस्ट्रेट जॉन अंजाइन यांचा मुलगा ब्राव्होच्या वेळी एक वर्षाचा होता, तो १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेला. आयोडीनच्या खोल्यांबाहेर आयुष्य काढल्यामुळे त्या मुलांच्या नोंदी मला वाचायला फार जड गेल्या.

दुसरं मोठं उत्तर बिकिनीला. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जाहीर केलं की बिकिनीचे लोक घरी जाऊ शकतात. पुढच्या वर्षी सफाई झाली, हजारो नारळ लावले, घरं बांधली. बिकिनीच्या पंचायतीला खात्री वाटत नव्हती. तिने सगळ्यांना परत जा असं सांगायचं नाकारलं, पण ज्यांना जायचं त्यांना अडवलं नाही. काही कुटुंबं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गेली. १९७५ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा किरणोत्सर्ग आधी वाटला त्याहून जास्त निघाला. विहिरी, केवड्याच्या जातीची फळं, नीरफणस, खेकडे, सगळ्यावर प्रश्नचिन्ह. तेव्हा बिकिनीच्या लोकांनी काय मागितलं? पैसे नव्हे. त्यांनी अमेरिकी न्यायालयात दावा लावला तो नीट, संपूर्ण तपासणी करा या मागणीसाठी. आपल्या बेटाची तपासणी व्हावी म्हणून ज्याने बेट खराब केलं त्याला कोर्टात खेचावं लागलं.

मग १९७८ मध्ये राहणाऱ्यांच्या शरीरातलं सीझियम-१३७ एका वर्षात ७५ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सगळ्यांना पुन्हा बिकिनीवरून हलवलं. म्हणजे आधी माणसं राहायला पाठवली आणि मग त्यांच्या शरीरांवरून कळलं की बेट राहण्याजोगं नाही.

चूक कुठे होती ते समजून घेण्यासारखं आहे, कारण उत्तर नारळात आहे. चिकणमाती असलेल्या जमिनीत सीझियम मातीच्या कणांत बरंचसं अडकून बसतं. प्रवाळाच्या बेटावर चिकणमाती जवळजवळ नसते, असतो तो चुनखडीचा चुरा. शिवाय त्यात पोटॅशियम फार कमी. झाडाला पोटॅशियम हवं असतं आणि सीझियम रसायनाच्या दृष्टीने त्याचा जवळचा भाऊ, म्हणून झाड तेच भरभरून उचलतं. ते नारळाच्या पाण्यात, खोबऱ्यात, नीरफणसात जातं आणि तिथून माणसात. बेटावर उभं राहून मीटर धरला तर आकडा बरा दिसू शकतो. खरा डोस ताटातून येतो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको: नारळ खाऊ नका, शहाळं पिऊ नका, मग बेटावर राहा, असं कोणी म्हटलं तर त्याला काय अर्थ उरतो?

इथे मला लिव्हरमोरच्या शास्त्रज्ञांचं मनापासून कौतुक करायचं आहे. त्यांनी बिकिनीवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की जमिनीत पोटॅशियम क्लोराइड टाकलं तर नारळातलं सीझियम आधीच्या ५ ते १० टक्क्यांवर येतं. हे तेच खत, जे आपल्याकडे शेतकरी नुसतं 'पोटॅश' म्हणून गोणीने आणतात. माती खरवडून काढायचा पर्यायही होता, पण वरचा थर गेला की प्रवाळी जमिनीत जी काही सुपीकता असते तीही जाते. पोटॅशचा उपाय झाडं वाचवतो. घराभोवतीची माती काढून तिथे प्रवाळाची खडी पसरायची आणि शेतीच्या जागी पोटॅश द्यायचा, ही जोडी साधी, स्वस्त आणि शास्त्रशुद्ध आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी १९९० च्या दशकात बिकिनीचा आढावा घेतला तेव्हा हाच मार्ग पसंत केला. केवळ स्थानिक अन्नावर राहिलं तर वर्षाला सुमारे १५ मिलिसीव्हर्ट मिळतील, म्हणून काही उपाय केल्याशिवाय कायमची वस्ती नको, असं त्यांनी म्हटलं. सामान्य माणसासाठी आमच्याकडे मर्यादा १ मिलिसीव्हर्टची आहे, त्यावरून अंदाज यावा.

आजची सेवाही चांगली आहे. एनेवेटाक, रोंगेलाप आणि माजुरो इथे होल बॉडी काउंटर बसवले आहेत. माणूस खुर्चीत बसतो, समोर डिटेक्टर असतो, पंधरा मिनिटांत शरीरातलं सीझियम मोजलं जातं. यंत्र चालवायला स्थानिक मार्शली तंत्रज्ञ शिकवले आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या कार्यक्रमातली ही सर्वांत शहाणी गोष्ट. स्वतःच्या भाषेत बोलणारा, त्याच बेटावर राहणारा माणूस निकाल सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनातले प्रश्न बाहेर येतात. प्लुटोनियमसाठी लघवीचे नमुने कॅलिफोर्नियाला जातात आणि तिथे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारी तंत्रं वापरतात. आमच्याकडे टीएलडी बॅजचे, म्हणजे कर्मचाऱ्याने अंगावर लावायच्या डोस मोजणाऱ्या बिल्ल्यांचे, निकाल ठरावीक काळाने यायचे, ते फलकावर लावायचे आणि कोणाचा जास्त आला तर चौकशी व्हायची. ती शिस्त मला या कार्यक्रमात दिसते. साडेचार तारे त्यासाठी.

आता उरलेल्या गोष्टी.

पहिली, मोजपट्टी. रोंगेलापच्या पुनर्वसनासाठी १९९२ मध्ये अमेरिकी खाती आणि मार्शली सरकार यांच्यात जो समझोता झाला, त्यात मर्यादा ठरली वर्षाला १०० मिलिरेम, म्हणजे १ मिलिसीव्हर्ट. पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा स्वतःच्या देशातल्या दूषित जागा साफ करण्याचा निकष त्या काळात होता १५ मिलिरेम. अणुभरपाई लवाद १९८८ मध्ये स्थापन झाला, त्याने बेटांच्या सफाईसाठी हाच १५ चा निकष धरला. तर्क सरळ होता: जे अमेरिकी नागरिकाला लागू, तेच इथे. ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांकडे १०० साठी कारणं आहेत आणि ती निराधार नाहीत. जगभर सामान्य जनतेची मर्यादा तीच आहे. शास्त्राच्या दृष्टीने मी दोन्ही बाजू समजू शकते. पण एकाच सरकारच्या दोन पट्ट्या असतील, तर सैल पट्टी कोणाच्या वाट्याला यावी हे ठरवण्याचा हक्क मोजणाऱ्याला नसावा. तो हक्क तिथे राहणाऱ्याचा.

दुसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत गंभीर. तपासणी होते ती गावाच्या बेटाची. पण लोकांचं गाव म्हणजे एक बेट नव्हे. रोंगेलापमध्ये सुमारे साठ बेटं आहेत. दक्षिणेकडच्या मुख्य बेटावर माती काढली, खडी टाकली, पोटॅश दिला, घरं, धावपट्टी, वीज असं सगळं उभं केलं. उत्तरेकडची बेटं मात्र तशीच आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये छापलेल्या मोजण्यांत उत्तरेच्या नाएन बेटावरचे आकडे चिंता वाटावी असेच आले. त्याच गटाने २०१६ मध्ये बिकिनी बेटावर बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांचा सरासरी डोस वर्षाला १८४ मिलिरेम मोजला. त्यात ताटातला भाग धरलेलाच नाही, आणि तेवढ्यानेच १०० ची मर्यादा ओलांडली जाते. एनेवेटाकमध्येही तसंच. लोक ३३ वर्षं उजेलांग या दुसऱ्या कंकणद्वीपावर काढून १९८० मध्ये परतले, पण दक्षिणेच्या बेटांवर. उत्तरेचं एनजेबी ज्यांचं मूळ गाव, ते शेजाऱ्यांच्या जमिनीवर राहतात. मार्शली माणूस होडी घेऊन एका बेटावर खोबरं काढतो, दुसऱ्यावर खेकडे, तिसऱ्यावर पक्ष्यांची अंडी. त्याच्या वाटा मोजायच्या तर सगळं कंकणद्वीप मोजावं लागेल.

यातूनच अहवालांमधला एक तक्ता फार महत्त्वाचा ठरतो: आहाराचा. डोस काढताना माणूस दिवसाला काय खातो हे गृहीत धरावं लागतं. आयात केलेला तांदूळ, पीठ, डब्यातलं मांस जितकं जास्त धराल, तितका डोस कमी निघतो. प्रत्यक्षातही लोक आज तेच खातात, हे खरं आहे. पण ते तसं खातात याचं मोठं कारण हे की त्यांना दशकानुदशकं सांगितलं गेलं की तुमच्या झाडाचं खाऊ नका, आणि बदल्यात सरकारी धान्य आलं. मधुमेहाचं प्रमाण त्या देशात जगातल्या सर्वाधिकांपैकी आहे. मग त्याच डब्यातल्या आहारावर बेट सुरक्षित ठरवायचं, ही गोष्ट मला पटत नाही. मावशींना मी कधी सांगितलं नाही की आत जा, फक्त नळाला हात लावू नका.

रुनिटबद्दल लोक मला सर्वांत जास्त विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. एनेवेटाकच्या सफाईत, १९७७ ते १९८० मध्ये, अमेरिकी सैनिकांनी दूषित माती गोळा करून रुनिट बेटावरच्या एका जुन्या स्फोटाच्या खड्ड्यात भरली आणि वर सुमारे ४५ सेंटीमीटर जाडीचं काँक्रीटचं झाकण घातलं. आत साधारण ७३,००० घनमीटर माल आहे. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही. भरती-ओहोटीचं पाणी खालून येतं-जातं. अमेरिकी संसदेने २०१२ च्या कायद्याने ऊर्जा खात्यावर घुमटाची ठरावीक काळाने पाहणी आणि भूजलाची तपासणी करण्याची सक्ती केली. २०२० च्या अहवालात खातं म्हणतं की घुमट लगेच कोसळण्याचा धोका नाही, आणि आतल्यापेक्षा कितीतरी जास्त प्लुटोनियम आधीच बाहेर मधल्या पाण्याच्या तळाशी आहे. दोन्ही विधानं मला शास्त्र म्हणून मान्य आहेत. पण दुसरं विधान दिलासा म्हणून कसं सांगता येतं? प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,००० वर्षांचं आहे, आणि समुद्राची पातळी वाढते आहे. बाहेर आणखी जास्त आहे, हे ऐकल्यावर त्या पाण्यात मासे धरणारा पुढे विचारेलच: मग त्याचं काय करणार? त्याचं उत्तर अहवालात नाही.

तिसरी गोष्ट, चुकल्यावर काय होतं. मार्शल बेटांशी झालेल्या १९८६ च्या करारात अमेरिकेने १५ कोटी डॉलरचा निधी दिला. लवादाने पुरावे ऐकून २००१ मध्ये एकट्या बिकिनीला ५६ कोटी डॉलरहून अधिक मंजूर केले, २००७ मध्ये रोंगेलापला एक अब्जाहून जास्त. द्यायला पैसेच नव्हते. परिस्थिती बदलली आहे म्हणून फेरविचार करा असा अर्ज मार्शली सरकारने २००० मध्ये केला. २००४-०५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने कायदेशीर आधार नाही असं कळवलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बिकिनीचं प्रकरण ऐकायला नकार दिला. दोनदा परत जा म्हणून सांगणाऱ्या आणि दोनदा चुकलेल्या सेवेला चुकीची किंमत मोजावी लागली नाही, तर तिसऱ्या वेळी लोकांनी तिच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? रोंगेलापच्या लोकांनी १९८५ मध्ये तो ठेवला नाही. १९७८ च्या पाहणीवरून ऊर्जा खात्याने काढलेल्या द्विभाषिक पुस्तिकेत त्यांना आपल्या उत्तरेच्या बेटांचे आकडे बिकिनीच्या बरोबरीने दिसले. मार्शली संसदेतले रोंगेलापचे सेनेटर जेटन अंजाइन यांनी अमेरिकेकडे आणि स्वतःच्या सरकारकडे मदत मागितली. शेवटी ग्रीनपीसच्या 'रेनबो वॉरियर' जहाजाने तीनशेवर माणसं, मोडलेल्या घरांच्या लाकडासकट, क्वाजालेनमधल्या मेजाटो बेटावर नेली. तज्ज्ञांनी तेव्हा हे अनाठायी भय म्हटलं. मी तज्ज्ञ आहे आणि मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो. २८ वर्षं ज्यांच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने नेले, त्यांना हवं ते उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः दिलं.

आपल्याकडे बोट दाखवल्याशिवाय हे लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. आमच्या क्षेत्रावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ माझ्या काळात ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तर देत होतं, त्याच आयोगाच्या छत्राखाली अणुऊर्जा चालवणारेही होते. महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या स्वायत्ततेच्या अभावावर कडक बोट ठेवलं होतं. २०१४ मध्ये मार्शल बेटांनी अण्वस्त्रधारी देशांवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटले भरले. त्यातला एक भारतावर होता. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून तो थांबवला. त्या खटल्यामागचे मार्शली परराष्ट्रमंत्री टोनी डिब्रुम नऊ वर्षांचे असताना लिकिएपला आजोबांबरोबर मासे धरत होते, तेव्हा त्यांनी ब्राव्होचा प्रकाश पाहिला होता. आपल्या वर्तमानपत्रांत या खटल्यावर चार ओळी आल्या असतील.

मला काय हवं आहे, ते सांगते. लिव्हरमोरची यंत्रं, त्यांचे मार्शली तंत्रज्ञ, पोटॅशचे प्रयोग हे सगळं चालू राहावं, त्याचे पैसे वॉशिंग्टननेच द्यावेत. पण राहण्याजोगं आहे की नाही याचा निर्णय त्या-त्या कंकणद्वीपाच्या पंचायतीने नेमलेल्या स्वतंत्र शास्त्रज्ञांनी द्यावा. हे अशक्य नाही. रोंगेलापच्या लोकांनी नव्वदच्या दशकात स्वतःचे शास्त्रज्ञ आणले होते, आणि मार्शली सरकारने त्याच काळात सगळ्या २९ कंकणद्वीपांची आपली स्वतंत्र मोजणीही करून घेतली होती. निर्णय चुकला तर भरपाईचा निधी आधीच वेगळा काढून ठेवलेला असावा. ऐलुक आणि लिकिएप यांसारखी बेटं चार 'अधिकृत' बाधित कंकणद्वीपांच्या (बिकिनी, एनेवेटाक, रोंगेलाप, उतिरिक) यादीबाहेर राहू नयेत. आणि पुनर्वसनाचे पैसे परत जाण्याच्या तारखेला बांधू नयेत. २०१० च्या सुमारास रोंगेलापच्या लोकांवर परत जा नाहीतर निधी थांबेल असा दबाव आला होता, तसा पुन्हा येऊ नये.

ज्यांना हे अहवाल स्वतः वाचायचे आहेत त्यांच्यासाठी: आधी एकक पाहा, कारण अमेरिकी कागद मिलिरेममध्ये असतात आणि आपण मिलिसीव्हर्टमध्ये विचार करतो. शंभराने भागा. मग मोजणी कोणत्या बेटावरची आहे ते नकाशात शोधा. आणि डोसचा शेवटचा आकडा बघण्याआधी आहाराचा तक्ता उघडून त्यात आयात तांदूळ किती ग्रॅम धरला आहे आणि नारळ किती, ते वाचा.